पलंगाच्या पोटातले दार

पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात सर्वांत मोठे कपाट कोणते? बहुतेक जण लोखंडी कपाटाकडे बोट दाखवतील. टेप लावून मोजले तर उत्तर वेगळे येते. सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि आतून सव्वा फूट खोल असा बॉक्सचा पलंग घेतला तर त्याच्या पोटात साडेसदतीस घनफूट जागा असते. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल लोखंडी कपाटात ती एकोणतीसच्या आसपास भरते. म्हणजे ज्याच्यावर आपण झोपतो, तेच घरातले मोठे कपाट.

आता ते उघडते किती वेळा ते आठवा. मोमिनपुरा असो, नाना पेठ, कासेवाडी, कॅम्प किंवा कोंढवा, उत्तर साधारण एकच मिळते: ईदच्या आधी एकदा, आणि पाहुणे मुक्कामाला आले तर. कारण सोपे आहे. पलंगावर कोणी झोपले असेल तर त्याला उठवायचे, चादर काढायची, कापसाची गादी ओढून बाजूला करायची, मग प्लायचे झाकण उचलून एका हाताने धरायचे आणि दुसऱ्या हाताने आत शोधायचे. सहा बाय पाचची कापसाची गादी वीस किलोच्या घरात जाते. अठरा मिलिमीटर प्लायचे अर्धे झाकणही पंधरा-सोळा किलोचे असते. हे वजन घरात कोण उचलते, हे सांगायला नको. ‘एवढी जागा आहे की’ असे म्हणणारा मात्र बहुधा दुसराच असतो.

दुकानात यावर उपाय म्हणून गॅसच्या पंपांचे उचलते झाकण दाखवतात. हात कमी दुखतात हे खरे. पण पंप ठरावीक वजनाच्या हिशेबाने बसवलेले असतात. गादी बदलली की हिशेब बदलतो, आणि वर्षे गेली की पंपाचा जोर कमी होऊन झाकण खाली येऊ लागते. मुख्य म्हणजे झोपलेल्याला उठावे लागतेच. आमचा आक्षेप तेवढ्यासाठीच आहे.

जुन्या पुण्याने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. वाड्यांच्या भिंती जाड, म्हणून सामान भिंतीत जाई. फडताळ छातीच्या उंचीवर, दार समोर. उघडले की आतली बरणी न् बरणी दिसते. सिमेंटच्या इमारतींत भिंत चार-सहा इंचांची झाली, फडताळाला जागाच राहिली नाही, आणि सामान दोन ठिकाणी पांगले: वर माळ्यावर आणि खाली पलंगात. एका ठिकाणी शिडी लागते, दुसऱ्या ठिकाणी कंबर. त्याच्याही आधी लोखंडी खाटेखाली पत्र्याची ट्रंक असे. अनेक घरांत ती आजीच्या लग्नातली, कोकणातल्या घरांत आगबोटीवर नोकरी केलेल्या आजोबांची. ती दिसायला फारशी बरी नव्हती, पण कडी धरून ओढली की बाहेर येई, खाटेवरच्या माणसाची झोपही मोडत नसे. बॉक्सच्या पलंगाने ट्रंकेची धूळ झाकली आणि तिची ही सोय मात्र घालवली.

नेमका हाच त्रास लहान शिडाच्या नौकेवर राहणाऱ्यांना होतो, आणि त्यांनी त्याच्यावर शोधलेली तोड आमच्या कामी आली. तीस-पस्तीस फुटांच्या नौकेची केबिन रेल्वेच्या डब्यातल्या एका कप्प्याहून फार मोठी नसते. दोन्ही बाजूंना बर्थ, मध्ये चालण्यापुरती वाट. पिण्याचे पाणी, डबाबंद अन्न, हत्यारे, दोर, औषधे, सगळे बर्थखालच्या पेट्यांत. या पेट्या बनवताना झाकण वर ठेवतात, कारण ते सोपे पडते. पण लांबच्या प्रवासात खलाशी पाळीपाळीने झोपतात. एक सुकाणूवर असतो तेव्हा दुसरा त्याच झाकणावर आडवा झालेला असतो. वाऱ्याने शीड फाटले आणि सुई-दोरा त्याच्या पाठीखाली असला, तर? म्हणून पुष्कळ नौकामालक बर्थच्या उभ्या फळीला, म्हणजे वाटेकडच्या बाजूला, एक लहान दार कापतात. झोपलेला झोपलेलाच राहतो आणि हात आत जातो.

हा विषय दूरदेशीचा वाटेल, पण जगप्रसिद्ध लहान नौकांपैकी एक आपल्या मुंबईत बांधली गेली आहे. तिचे नाव ‘सुहैली’. आखाती समुद्रातल्या आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी या नावाने ओळखत. सागवानाची, ३२ फुटांची ही नौका १९६४ मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश खलाशाने १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि असे करणारा तो पहिला माणूस ठरला. तीनशेहून अधिक दिवसांचे अन्न, पाणी आणि दुरुस्तीचे सामान एवढ्याशा जागेत होते. आपण दोन खोल्यांत जागा नाही म्हणून कुरकुरतो तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

त्या सफरीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये तशीच शर्यत पुन्हा भरवली गेली. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी तीत उतरले. त्यांची ‘तुरीया’ ही ‘सुहैली’च्या नमुन्यावर गोव्यात बांधलेली होती. त्याच सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने नौका उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा तीन हजार किलोमीटरहून दूर होता. ते बर्थवर पडून होते. उठता येत नव्हते. मदतीसाठीचा दुसरा उपग्रह-फोन नौकेवरच, आणीबाणीच्या पिशवीत बांधून ठेवलेला होता. पण त्या पिशवीपर्यंत त्यांचा हात पोहोचत नव्हता. सुदैवाने संदेश पाठवण्याचे दुसरे साधन चालू होते. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.

अनुभवी खलाशी, विचारपूर्वक केलेली तयारी, आणि हवी ती वस्तू चार हातांवर असूनही नाही. यात कोणाचा दोष नाही. वादळ दोष बघून येत नाही. पण वस्तू घरात असणे आणि हाताशी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून जितके कळते तितके कशानेच कळत नाही.

आमच्या घरात हा विचार अम्मींमुळे आला. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या तीन महिने पलंगावर होत्या, आणि त्यांना लागणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्याच खाली होती: जादा चादरी, रबरी कापड, गरम पाण्याची पिशवी, कापडाचे बोळे. रात्री चादर ओली झाली तर बदलायला दुसरी काढायची कशी? त्यांना हलवायला दोन माणसे लागत. म्हणून त्या सांगतच नसत. सकाळपर्यंत तशाच पडून राहत. हे कळले त्याच आठवड्यात आम्ही मिस्त्रींना बोलावले.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) रात्री घरी येत तेव्हा सलाम अशा आवाजात करीत की जागा असलेल्याला ऐकू यावा आणि झोपलेल्याची झोप मोडू नये, असे हजरत मिकदाद (रजि.) यांनी सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. ज्या घरांच्या खोल्या इतक्या लहान होत्या की नमाजच्या सज्द्यासाठी हजरत आयशा (रजि.) यांना पाय आवरून घ्यावे लागत, तिथली ही रीत. लहान घरात दुसऱ्याच्या झोपेचा विचार असा बारकाईने करावा लागतो.

आता कामाकडे वळू. पहिली गोष्ट, पलंग कशाचा आहे ते पाहा. प्लायचा किंवा लाकडाचा असेल तर कापता येतो. पार्टिकल बोर्डचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा असेल तर कापू नका. कडा भुगा होतात आणि स्क्रू धरत नाहीत. फळीची कड कुठे उघडी दिसत असेल तर तिथे नजर टाका: थर दिसले तर प्लाय, बिस्किटासारखे दाणे दिसले तर भुसा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पलंगाची उभी फळी नुसता पडदा नाही. दोन माणसे, गादी आणि झाकण मिळून दोनशे किलोचा भार ती पेलते. नौकेतही तसेच, बर्थची उभी फळी नौकेच्या अंगाला ताठ ठेवते, म्हणून तिथे कोणी सबंध फळी काढून टाकत नाही. भोक जेवढे लागेल तेवढेच, चारी बाजूंनी भरपूर लाकूड राखून. आमच्या सोळा इंच उंच फळीत वर चार इंच सोडले, खाली तीन इंच, आणि मध्ये नऊ इंच उंचीचे दार निघाले. रुंदी बावीस इंच. पलंगाच्या मधोमध आडवी फळी असल्यामुळे आत दोन कप्पे होते, म्हणून दारे दोन; दोन्ही दारांमध्ये दीड फुटाची फळी अखंड ठेवली, कारण मधल्या फळीचा भार तिथेच उतरतो. दोन्ही टोकांनाही पाच-पाच इंच सोडले.

कोपरे गोल हवेत. काटकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते. विमानाच्या आणि जहाजाच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात ते याच कारणाने. मिस्त्रींनी आधी चार कोपऱ्यांना ड्रिलने मोठी गोल भोके पाडली आणि मग जिगसॉने एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ कापत नेले. कापलेला तुकडा टाकायचा नसतो. तोच दार होतो, म्हणजे सनमायक्याची रेघही जुळते. म्हणून त्या तुकड्यात मध्येच सुरुवातीचे भोक पाडू देऊ नका, कोपऱ्यांवरूनच सुरुवात करायला सांगा.

भोक पडले की फळी कमकुवत होते, ती ताकद परत द्यावी लागते. त्यासाठी आतल्या बाजूने भोकाभोवती दोन इंच रुंद प्लायच्या पट्ट्यांची चौकट फेविकॉल आणि स्क्रूने बसवली. वर आणि दोन्ही बाजूंना ही चौकट भोकाच्या आत अर्धा इंच डोकावते, त्यामुळे दार तिच्यावर टेकते, आत पडत नाही. खालची पट्टी मात्र उंबरठ्याच्या वर येऊ दिली नाही; का, ते पुढे येईल.

बिजागरी लावलीच नाही. आमच्या पलंग आणि भिंतीमध्ये दोन फुटांची वाट आहे. बावीस इंचांचे दार बाजूला उघडले असते तर माणसाला बसायला जागा उरली नसती. नौकेत अशा वेळी दार संपूर्ण काढून ठेवता येईल असे करतात. तसेच केले: बाहेरून दोन्ही बाजूंना दोन-दोन फिरक्या. फिरकी फिरवली, दार हातात आले, बाजूला टेकवले. दारात बोट घालायला इंचभराचे गोल भोक आहे. तेच हवेला उपयोगी पडते. फिरक्या, स्क्रू, जाळी हे सगळे रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका फेरीत मिळते. प्लायच्या पट्ट्या मिस्त्रींनी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून तुकड्यांत आणल्या. एका दिवसाची मजुरी, आणि संध्याकाळी भुसा झाडण्याचे अर्ध्या तासाचे काम.

खालचे तीन इंच, म्हणजे उंबरठा. नौका एका बाजूला कलते तेव्हा सामान वाटेत सांडू नये म्हणून तो ठेवतात. आमचे घर कलत नाही, पण फरशी पुसताना पाणी पलंगाकडे जाते, आणि नळ रात्री उघडा राहिला तर काय होते ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको. पण उंबरठ्यावरून दर वेळी खोके उचलायचे म्हटले तर पुन्हा कंबरच आली. म्हणून आत दोन काठ्यांवर एक पातळ फळी टाकून कप्प्याचा तळ उंबरठ्याच्या पातळीला आणला. आता खोके सरकत बाहेर येते. तळाखालच्या पोकळीमुळे जुलै-ऑगस्टची ओल कपड्यांपर्यंत चढत नाही, हा फायदा वेगळाच.

हात आत दोन फूटच पोहोचतो. पलंग पाच फूट रुंद. यावर युक्ती अगदी साधी आहे. आठ इंचांहून कमी उंचीची खोकी घ्यायची, एकामागे एक लावायची आणि मागच्या खोक्याला दोरी बांधून तिचे टोक दाराशी आणून ठेवायचे. पुढचे काढले, दोरी ओढली की मागचे हजर. ट्रंकेची कडीच म्हणा ना.

भिंतीकडच्या फळीला वरच्या अंगाने चार भोके पाडून आतून बारीक जाळी मारली. भोके नसतील तर पावसाळ्यात आत कुबट वास धरतो, आणि जाळी नसेल तर झुरळांना आमंत्रण. हवेचे आणखी एक कारण आहे, ते लहान मुलांच्या घरांनी मनावर घ्यावे. लपाछपीत मूल पेटीत शिरते आणि वरचे जड झाकण आपोआप बसले तर आतून ते त्याला उचलत नाही. कुलूप किंवा आपोआप लागणारी खिट्टी कुठल्याच मोठ्या पेटीला नको. त्याच न्यायाने, रंगाचे डबे, रॉकेल, गॅसची छोटी टाकी किंवा इन्व्हर्टरची बॅटरी पलंगात ठेवू नये. बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू सोडते, आणि वर माणूस झोपलेला असतो.

काय कुठे ठेवायचे यावर आमच्याकडे कापण्यापेक्षा जास्त चर्चा झाली. पवित्र कुरआन आणि दीनी किताबे खाली ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. ती वरच्या फळीवर. उशाकडच्या दारात अम्मींचे रोजचे: चादरी, औषधांचा डबा, दवाखान्याची फाईल, टॉर्च. पायथ्याच्या दारात पाहुण्यांचे अंथरूण आणि दस्तरख्वान. अंथरुणे किती असावीत यावर अब्बांनी एक हदीस काढली: घरात एक बिछाना पुरुषाचा, एक त्याच्या पत्नीचा, तिसरा पाहुण्याचा, आणि चौथा असला तर तो सैतानाच्या वाट्याचा. त्यात गरजेपेक्षा जास्त जमवण्याला टोकले आहे. घरात माणसे जास्त असतील तर बिछाने जास्त लागणारच, पण आमच्या पलंगातून निघालेल्या सात रजयांपैकी तिघींना वर्षानुवर्षे कोणी हात लावला नव्हता. त्या दोन गरजू घरांत गेल्या. जागा वाढवायला निघालो होतो, आणि पहिली जागा अशी रिकामी झाली.

पेटी उपसताना तळाशी एक पांढरे गाठोडे निघाले. पुष्कळ घरांतली वडीलधारी माणसे असे गाठोडे जपतात: हजहून किंवा उमऱ्याहून आणलेले, झमझमच्या पाण्यात भिजवून वाळवलेले कफनाचे कापड. अम्मींनी ते दहा वर्षांपूर्वी ठेवले होते, आणि कुठे आहे हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. आपल्यात दफनाला उशीर करीत नाहीत. ज्या पलंगावर मयत असेल त्याच पलंगाच्या तळातून, गादी बाजूला करून, कोणीतरी ते शोधत बसले असते. अम्मींनी स्वतःच सांगितले, ‘पुढे ठेवा, उजव्या हाताला.’ मग चहा मागितला. आता ते उशाकडच्या दाराच्या आत, सर्वांत पुढे, उजव्या हाताला आहे. घरातल्या सर्वांना माहीत आहे.

यातूनच यादीची गोष्ट निघाली. लांबच्या सफरीवरचे खलाशी कुठल्या पेटीत काय आहे याचा नकाशा लिहून ठेवतात. ओलीने डब्यांवरचे कागद गळून पडतात, म्हणून डब्यावर रंगानेच नाव घालतात. आम्ही दोन्ही दारांच्या आतल्या बाजूला एकेक कागद चिकटवला: पुढच्या खोक्यात काय, मागच्या खोक्यात काय. मराठीत लिहिले, कारण मुलांना तेच झटकन वाचता येते. अम्मींसाठी खाली उर्दूत. आता त्या पलंगावर पडल्या-पडल्या नातवाला सांगतात आणि तो टॉर्च घेऊन काढून देतो. रात्री दोन वाजता चादर बदलायला एक माणूस पुरतो, कारण निम्मी कसरत चादर मिळवण्याचीच होती.

भाड्याच्या घरातही हे काम चालते, कारण पलंग आपला असतो. भिंतीला मात्र हात लावू नये, विशेषतः पेठांतल्या जुन्या इमारतींत, जिथे भिंतीच छप्पर पेलतात. तिथे कोनाडा खोदायचा विचार असेल तर आधी जाणकार इंजिनिअरला दाखवा. पलंगाची ज्या बाजूला वाट आहे तिथेच दार काढा, आणि ते कुठे काढायचे हे रोज वाकणाऱ्या माणसाला विचारा. आमच्या मिस्त्रींनी पायथ्याची आडवी फळी सुचवली होती, कापायला सोपी म्हणून. घरातल्या बायकांनी तिथे शिलाई मशीन असते हे दाखवले, आणि दार बाजूला गेले.

भिंतीकडचा मागचा कोपरा अजून वरूनच उघडावा लागतो. तिथे बिर्याणीची मोठी देग ठेवली आहे. ती नऊ इंचांच्या दारातून निघत नाही, आणि तशीही एकट्याने कोणी उचलत नाही.